माकडाच्या आतड्याचं अस्तर बदलतं, म्हणजे नेमकं काय होतं?

प्राणिसंग्रहालयातलं एखादं माकड किंवा चिंपांझी दगावला की बातमीच्या शेवटी शवविच्छेदन अहवालातली एखादी ओळ येते: 'मोठ्या आतड्याच्या श्लेष्मल आवरणात रचनात्मक बदल आढळले.' वाचणाऱ्याला यातून काहीच कळत नाही. विषबाधा झाली होती का? कर्करोग होता? की कुणाचा हलगर्जीपणा झाला? ओळ वाचून आपण पुढच्या बातमीकडे वळतो. खरं तर त्या प्राण्याच्या गेल्या काही महिन्यांबद्दल ही ओळ पुष्कळ सांगत असते. ती वाचायची कशी, एवढंच माहीत हवं.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत 'वानर' म्हटलं की लांब शेपटीचा, काळ्या तोंडाचा लंगूर डोळ्यांसमोर येतो. या लेखात शेपूट नसलेल्या गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान आणि गिबन यांना 'कपी' म्हटलं आहे आणि बाकीच्यांना 'माकड'.

## अस्तर म्हणजे विहिरींचं शिवार

मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला एक ओलसर, गुलाबी, नाजूक थर असतो. हेच श्लेष्मल आवरण. आपण त्याला सरळ अस्तर म्हणू. लहान आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, तशी इथे नसते. नुसत्या डोळ्यांना हे अस्तर गुळगुळीत दिसतं, पण भिंग लावलं की पृष्ठभागावर शेजारी शेजारी असंख्य बारीक छिद्रं दिसतात. प्रत्येक छिद्राखाली एक सरळ, खोल नळी असते. शास्त्रज्ञ तिला क्रिप्ट म्हणतात. मला ती विहिरीसारखी वाटते, म्हणून इथून पुढे विहीरच म्हणतो.

ही उपमा बरीच दूरवर चालते. विहिरीच्या तळाशी झरे असावेत तशा या नळ्यांच्या तळाशी मूळपेशी असतात. त्या सतत विभागत राहतात. नव्या पेशी विहिरीच्या भिंतीवरून हळूहळू वर सरकतात, काठाशी येतात, थोडे दिवस काम करतात आणि गळून पडतात. चार-पाच दिवसांत अस्तराचा वरचा थर जवळजवळ सगळा नवा झालेला असतो. या मूळपेशी नेमक्या ओळखता येऊ लागल्या त्या २००७ साली, नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेच्या कामामुळे. ते काम उंदरांवरचं होतं, पण विहिरींची ही मांडणी उंदीर, माकड, कपी आणि माणूस या सगळ्यांत सारखीच आहे.

भिंतीतल्या अनेक पेशी पोटात बुळबुळीत द्रव भरून बसलेल्या असतात. पेल्याच्या आकारामुळे त्यांना चषकपेशी म्हणतात. त्यांनी सोडलेला श्लेष्म अस्तरावर पसरतो. २००८ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की या श्लेष्माचे दोन पदर असतात. वरचा सैल असतो आणि त्यात जीवाणू सुखाने राहतात. आतला घट्ट असतो आणि त्यात जीवाणू जवळजवळ नसतातच. मोठ्या आतड्यात अब्जावधी जीवाणूंची वस्ती असूनही शरीर त्यांच्याशी भांडत बसत नाही, याचं मोठं कारण हा आतला पदर. जीवाणू शेजारी राहतात, पण उंबरा ओलांडत नाहीत.

## अस्तर बिघडतं तेव्हा काय दिसतं

जुनाट जुलाबांनी खंगलेल्या ऱ्हीसस माकडाच्या आतड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आहे असं समजा. निरोगी कापात विहिरी एका रांगेत, सरळ, एकमेकींना खेटून उभ्या असतात, जणू स्टँडमध्ये लावलेल्या परीक्षानळ्या. भिंतीत चषकपेशींचे फिकट फुगे जागोजागी दिसतात.

आजारी कापात आधी डोळ्यांत भरतं ते फुग्यांचं गायब होणं. चषकपेशी रिकाम्या झालेल्या असतात किंवा उरलेल्याच नसतात, म्हणजे श्लेष्माचा पुरवठा आटला आहे. मग लक्ष जातं विहिरींच्या खोलीकडे. काठावरच्या पेशी भराभर मरत असल्याने तळाचे झरे दुप्पट वेगाने कामाला लागतात आणि विहीर लांब होते. नव्या पेशी अर्धवट तयार झालेल्या असतानाच वर ढकलल्या जातात. आतड्यातलं पाणी परत शोषून घेणं हे त्यांचं मुख्य काम, पण ते शिकायलाच त्यांना वेळ मिळालेला नसतो. पातळ शौच होण्याचं एक कारण इथेच आहे.

विहिरींच्या मधल्या जागेत गर्दी उसळलेली असते. एरवी तिथे रोगप्रतिकारक पेशींचा मोजका पहारा असतो, आता फौज जमली आहे. काही पांढऱ्या पेशी भिंत फोडून थेट विहिरीत उतरतात आणि तिथेच मरून साचतात. विहिरीत पू भरावा तसं ते दिसतं. हे दृश्य मनावर ठसतं, कारण आत शिरलेल्या त्या पेशी शरीराच्याच असतात.

आजार लांबला तर विहिरी वाकड्या होतात, त्यांना फाटे फुटतात, काही आखूड राहतात, काही मुळातूनच नाहीशा होतात. अस्तर भरून येतं, पण मूळची शिस्त परत येत नाही. जुन्या जखमेचा वण राहावा तसा हा वण असतो. कुठे अस्तर पूर्ण उघडं पडून व्रण होतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर काही प्राण्यांत पेशींची वाढ बेलगाम होऊन कर्करोग होतो. दीर्घ दाह सोसलेल्या मकाक गटातल्या (ऱ्हीसस माकड याच गटातलं) माकडांच्या अवयवांत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचल्याचंही अनेकदा आढळतं.

यातली कळीची गोष्ट ही की, अस्तराकडे उत्तरं मोजकीच आहेत. जंतू येवो, कृमी येवो, खाणं बदलो की पहारेकरीच बिथरोत, ते श्लेष्म गमावतं, विहिरी लांबवतं, फौज बोलावतं आणि वाकडंतिकडं भरून येतं. त्यामुळे नुसता काप पाहून कारण सांगणं फार वेळा शक्य नसतं. काप हा अर्धा पुरावा आहे. उरलेला अर्धा त्या प्राण्याच्या जगण्यात शोधावा लागतो.

## टॅमरिनची गोष्ट

हे सगळ्यांत ठळकपणे कळलं ते कॉटन-टॉप टॅमरिन या चिमुकल्या माकडामुळे. कोलंबियाच्या वायव्येकडच्या जंगलांत ते राहतं. वजन अर्धा किलोसुद्धा नाही आणि डोक्यावर पांढऱ्याशुभ्र केसांचा तुरा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत २०,००० ते ४०,००० टॅमरिन पकडून वैद्यकीय संशोधनासाठी अमेरिकेत नेली गेली. आज ही जात अतिसंकटग्रस्त आहे.

पिंजऱ्यात आल्यावर त्यांच्यात एक विचित्र गोष्ट दिसू लागली. मोठ्या संख्येने टॅमरिनना मोठ्या आतड्याचा जुनाट दाह होऊ लागला. माणसांना होणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजाराशी त्याचं विलक्षण साम्य होतं. चषकपेशी गेलेल्या, विहिरींत पू, अधूनमधून आजार उफाळणं आणि पुन्हा निवळणं, सगळं तसंच. पुढे त्यातल्या बऱ्याच माकडांना मोठ्या आतड्याचा कर्करोगही झाला. हा कर्करोग आधी गाठीसारखा कोंब येऊन वाढत नव्हता, तर सपाट अस्तरातच पसरत होता. माणसांमध्ये दीर्घ कोलायटिसनंतर होणारा कर्करोग पुष्कळदा असाच सपाट वाढतो.

जंगलातल्या टॅमरिनमध्ये मात्र हा आजार तसा दिसेना. जात तीच, जनुकं तीच, फक्त जागा बदललेली. कोलंबियाच्या उबदार, दमट जंगलातून थंड प्रदेशातल्या इमारतीत, छोट्या पिंजऱ्यात, वेगळ्याच खाण्यावर ही माकडं येऊन पडली होती. १९९८ साली संशोधकांनी स्पष्ट मांडलं की बंदिवासच या दाहाला खतपाणी घालतो. दोन वर्षांनी आलेल्या पुढच्या कामाचा निष्कर्ष आणखी नेमका होता: आजाराची सुरुवात परिसराच्या ताणाने होते आणि तो टिकून राहतो विष्ठेतल्या घटकांमुळे. या एका वाक्यात दोन टप्पे वेगळे झाले आहेत. आधी कुंपण कमजोर होतं, मग आतल्या रहिवाशांशी भांडण जुंपतं आणि संपतच नाही.

## मग दोष जंतूंचा नाहीच का?

असतो, अनेकदा असतो. शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जीवाणू बंदिवासातल्या कळपांमधल्या माकडांना जुलाब आणि रक्ताची हगवण लावतात. अमीबा अस्तर पोखरून सुरईच्या आकाराचे व्रण करतो, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. बॅलँटिडियम हा एकपेशीय जीव बंदिवासातल्या गोरिलांना छळतो. अशा आजारांत जंतू सापडतो, औषध लागू पडतं, प्रश्न मिटतो.

पण माकडांच्या मोठ्या संशोधन केंद्रांत एक दुखणं वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे. तरुण ऱ्हीसस माकडांना दीर्घकाळ जुलाब होतात आणि तपासण्या करकरून एकही ठाम गुन्हेगार हाती लागत नाही. कधी जंतू सापडतो, पण तोच जंतू शेजारच्या ठणठणीत माकडातही असतो. स्पायरोकीट नावाचे मळसूत्री जीवाणू याचं चांगलं उदाहरण. ते अस्तराच्या पृष्ठभागावर उभे चिकटतात, इतके दाट की सूक्ष्मदर्शकाखाली अस्तराला झालर लावल्यासारखी दिसते. एवढं ठळक दृश्य पाहिल्यावर हाच चोर असं कुणालाही वाटेल. तरीही काहीही त्रास नसलेल्या माकडांत हीच झालर आढळते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला इथे महत्त्वाचा वाटतो. अशाच जुनाट जुलाबांच्या पाच ऱ्हीसस माकडांना संशोधकांनी चाबूककृमीची अंडी पाजली. पाचांपैकी चार माकडांचं शौच सुधारलं. कृमी घालवायला हवा तिथे कृमी दिल्यावर बरं वाटलं, हे उफराटं वाटतं. पण कृमी आल्यावर अस्तराला पुन्हा श्लेष्म तयार करण्याचा इशारा मिळाला आणि अस्तराला चिकटलेल्या जीवाणूंची गर्दी ओसरली. नीट देखरेखीत पाच माकडांवर केलेलं हे काम आहे. त्यावरून माणसाने घरी काही करून पाहण्याचा विचारही करू नये. मुद्दा इतकाच की, अस्तराचं आरोग्य म्हणजे जंतूंचा अभाव असं समीकरण मांडलं तर ते चुकतं.

## भिंत पडली की सगळ्या अंगाला झळ

अस्तरातला बदल आतड्यापुरताच राहतो, ही समजूतही माकडांनीच मोडली. एचआयव्हीचा चुलत भाऊ म्हणावा असा एसआयव्ही हा विषाणू माकडांत असतो. ऱ्हीसस माकडाला तो झाला की काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ या रक्षक पेशींचा फडशा पडतो. रक्तात एवढी पडझड दिसण्याच्या कितीतरी आधी हे घडतं, असं १९९८ मध्ये समजलं. नंतर या माकडांच्या मोठ्या आतड्यात पेशींमधले सांधे जागोजागी उसवलेले आढळले. त्या फटींतून जीवाणूंचे अवशेष आत झिरपतात, रक्तात पोहोचतात आणि अख्खी प्रतिकारशक्ती कायम पेटलेली राहते. २००६ साली एचआयव्ही झालेल्या माणसांत आणि एसआयव्ही झालेल्या ऱ्हीसस माकडांतही हीच गळती मोजली गेली.

याच विषाणूबरोबर पिढ्यान्‌पिढ्या जगत आलेली आफ्रिकेतली काही माकडं आहेत, सूटी मँगबी आणि आफ्रिकन ग्रीन मंकी. त्यांच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, पण ती सहसा एड्सने मरत नाहीत. त्यांच्या अस्तराची भिंत शाबूत राहते आणि जीवाणूंची ती गळती होत नाही. विषाणू दोघांच्याही अंगात आहे. भिंत मात्र एकाची ढासळली आणि दुसऱ्याची टिकली.

## कपींचं आतडं वेगळं का?

माणसाच्या पचनसंस्थेत जास्त जागा लहान आतडं घेतं. मोठ्या आतड्याचा वाटा साधारण पाचवा हिस्सा. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात हा वाटा निम्म्याच्या आसपास असतो. पानं, देठ, साली आणि रानफळं यांतला चोथा तिथे जीवाणू आंबवतात आणि त्यातून लहान मेदाम्लं तयार होतात. एका अंदाजानुसार गोरिलाला मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ५७ टक्के ऊर्जा या आंबवण्यातून येते. त्यातलं ब्युटिरेट हे मेदाम्ल तर अस्तराच्या पेशींचं मुख्य अन्न. म्हणजे चोथा कमी झाला की या पेशीच उपाशी राहतात. गोरिला दिसायला धष्टपुष्ट असेल, त्याचं पोट भरलेलं असेल, पण अस्तराची उपासमार चालू असू शकते.

बंदिवासात जीवाणूंची वस्तीही बदलते. २०१६ साली हाउलर माकडं आणि व्हिएतनाममधली लाल पायांची डूक माकडं यांची जंगलातली व बंदिवासातली वस्ती ताडून पाहिली गेली. पिंजऱ्यातल्या माकडांच्या पोटातले बरेच मूळचे जीवाणू गेले होते आणि उरलेली वस्ती माणसांच्या वस्तीसारखी दिसू लागली होती.

## पण जंगलात तरी सगळं ठाकठीक असतं का?

नसतं. जंगल म्हणजे निरोगी स्वर्ग ही भाबडी कल्पना आहे. जंगली चिंपांझींच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीत गाठी असतात. गाठकृमीच्या अळ्या भिंतीत शिरतात, शरीर त्यांच्याभोवती तटबंदी उभारतं आणि गाठ तयार होते. हाही रचनात्मक बदलच. तरी बहुतेक चिंपांझी या गाठी घेऊन हिंडतात, झाडावर चढतात, पिल्लं वाढवतात.

त्यांच्याकडे एक उपायही आहे. टांझानियातल्या महाले डोंगरांत मायकेल हफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बारकाईने नोंदवला. चिंपांझी सकाळी, काही खाण्याआधी, ॲस्पिलियासारख्या झुडपाचं एक पान ओठांनी ओढून घेतो. पानावर खरखरीत लव असते. तो ते चावत नाही. जिभेवर घडी घालतो, तोंडात क्षणभर घोळवतो आणि अख्खं गिळतो. मग दुसरं, तिसरं. काही तासांनी विष्ठेत ती पानं घडी तशीच, हिरवीच बाहेर पडतात आणि त्यांच्या घड्यांत, लवेत जिवंत कृमी अडकलेले असतात. पचायला न गेलेल्या खरखरीत पानांमुळे आतडं नेहमीपेक्षा लवकर रिकामं होतं आणि पोकळीत आलेले कृमी त्याबरोबर वाहून जातात. बोनोबो आणि गोरिलाही असं पान गिळताना दिसले आहेत.

बंदिवासात हेच कृमी असले तर ते चिंपांझीच्या जिवावर बेतू शकतात. तिथे ना तो मोकळा वावर असतो, ना ते झुडूप.

## उंदीर असताना माकडं कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि नैतिकही आहे. उंदरांना कोलायटिस होण्यासाठी सहसा रसायन पाजावं लागतं किंवा जनुकं बदलावी लागतात. टॅमरिनना तो आपसूक झाला आणि त्यातून माणसाला ठोस काही मिळालं. पांढऱ्या पेशींच्या अंगावर एक खूण असते. ती असली की त्या रक्तातून नेमक्या आतड्याकडे वळतात, पत्ता लिहिलेल्या पाकिटासारख्या. ही खूण झाकणारं प्रतिपिंड आजारी टॅमरिनना दिलं तेव्हा त्यांचा जुनाट दाह झपाट्याने उतरला. ते वर्ष होतं १९९६. त्याच वाटेने तयार झालेलं व्हेडोलिझुमॅब हे औषध २०१४ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारांसाठी मंजूर झालं. आज ते घेणाऱ्या रुग्णांना त्या पांढऱ्या तुऱ्याच्या माकडाचं नावही माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

ऱ्हीसस माकडांत माणसासारखाच आनुवंशिक लिंच सिंड्रोमही सापडला आहे. त्यात एमएलएच१ या जनुकातल्या बिघाडामुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग घराण्यात उतरतो. कपींच्या बाबतीत मात्र जगाची भूमिका बदलली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ साली चिंपांझींवरच्या शरीरभेदी संशोधनाला पाठबळ देणं थांबवलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. टॅमरिनच्या बाबतीत असं शहाणपण निदान एका दशकाने आधी सुचलं असतं तर कोलंबियाच्या जंगलात आज कितीतरी जास्त तुरे दिसले असते.

## अहवालातल्या त्या ओळीत काय शोधायचं

पुन्हा अशी बातमी आली तर दोन गोष्टी पाहा. विहिरी सरळ होत्या आणि त्यांत फक्त पू होता, असं अहवालात असेल तर दुखणं ताजं होतं. मग आठवड्याभरात काय बदललं, नवं खाणं आलं का, नवा प्राणी कळपात आला का, पाणी कुठलं होतं, हे विचारायचं. विहिरींना फाटे फुटले होते, त्या आखूड होत्या, तळाशी दाह करणाऱ्या पेशींचा थर बसला होता, असं असेल तर आजार महिनोन्‌महिने चालला होता. तेव्हा शेवटच्या दिवशी कोण कामावर होतं याला फारसा अर्थ उरत नाही. विचारायचं ते जागेबद्दल, थंडीबद्दल, सोबतीबद्दल, चोथ्याबद्दल आणि सहा महिन्यांपूर्वी त्या प्राण्याचं वजन किती होतं याबद्दल.

आणि शवविच्छेदन मृत्यूनंतर किती तासांनी झालं, हे आधी बघायचं. दिवसाला असंख्य पेशी गाळणारं हे अस्तर मृत्यूनंतर अत्यंत लवकर विरघळू लागतं. उबदार हवेत काही तास गेले की विहिरी आपोआप सुट्या होतात, काठ झडतात आणि निरोगी आतडंही आजारी दिसायला लागतं.